जरा तुम्ही बोला त्याच्याशी

नवीन पनवेलला राहायला आल्यापासून मी घरीच आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. हॉलमध्ये दोन सतरंज्या, भिंतीवर पांढरा बोर्ड, दारात चपलांचा ढीग. मुलं मला टीचर म्हणतात, म्हणून त्यांचे आईबापही टीचर म्हणतात, आणि आता तर सोसायटीचा वॉचमनसुद्धा. मुलाला न्यायला आलेली एखादी आई दारातच घुटमळायला लागली की मला कळायचं, हिला गणिताबद्दल बोलायचं नाहीये. ती चप्पल घालायची, पुन्हा काढायची, मुलगा जिना उतरून गेला का ते बघायची आणि मग आवाज खाली आणून म्हणायची, ‘टीचर, जरा तुम्ही बोला ना त्याच्याशी. तुमचं ऐकतो तो.’

हे ‘जरा तुम्ही बोला’ प्रकरण आपल्याकडे हाडीमाशी मुरलेलं आहे. पोटच्या पोराशी आपण थेट बोलायचं नाही. मामाला सांगायचं, क्लासच्या सरांना सांगायचं, डॉक्टरांना सांगायचं, शेजारच्या हुशार मुलाला सांगायचं. आणि ज्याला सांगितलं त्याने सहज भेटल्यासारखं दाखवून, इकडच्या तिकडच्या चार गप्पा मारून, हळूच मुद्द्यावर यायचं. हा माणूस पाठवलेला आहे हे मुलाला कळता कामा नये. मी या कामात तरबेज होते. क्लास सुटल्यावर त्या मुलाला बोर्ड पुसायला थांबवून घ्यायची आणि म्हणायची, ‘काय रे, हल्ली लक्ष नसतं तुझं?’ मुलं बोलायची, काही तर रडायचीसुद्धा. मग त्याची आई येऊन म्हणायची, ‘टीचर, काय जादू केलीत!’ मला ते फार आवडायचं, उगाच नाही कशाला म्हणू.

माझा मुलगा चांगल्या मार्कांनी दहावी पास झाला आणि सायन्सला गेला. दिवाळीनंतर एका सोमवारी डोकं दुखतंय म्हणून त्याने कॉलेज बुडवलं. मंगळवारी पोट दुखत होतं. बुधवारी त्याने कारणच सांगितलं नाही, भिंतीकडे तोंड करून झोपून राहिला. त्यानंतर तो कॉलेजला गेलेला नाही. हळूहळू त्याचा क्लास सुटला, मित्रांचे फोन थांबले, त्याचं ताट खोलीत जायला लागलं आणि अर्धं भरलेलं परत यायला लागलं. तो भांडत नव्हता, ओरडत नव्हता, काही मागतही नव्हता. ‘काय झालंय?’ म्हटलं की ‘काही नाही.’ मी हॉलमध्ये दुसऱ्यांच्या मुलांना समीकरणं सोडवायला शिकवत होते आणि भिंतीपलीकडे माझा सोळा वर्षांचा मुलगा दिवसेंदिवस विझत चालला होता. मला तो परत हवा होता. मार्क नकोत, कॉलेज नको, जेवताना माझ्या भाजीला नावं ठेवणारा माझा मुलगा तेवढा परत हवा होता.

विश्वासाने विचारावं असं एकच माणूस मला आधी आठवलं, ते म्हणजे त्याचे लहानपणापासूनचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना जुन्या पनवेलमध्ये आहे. मुलगा यायला तयार नव्हता, म्हणून मी एकटीच गेले. तान्ही बाळं घेऊन बसलेल्या आयांच्या रांगेत मी मांडीवर पर्स घेऊन बसले होते. शेजारची मुलगी मला म्हणाली, ‘काकी, तुमचं बाळ कुठाय?’ मी म्हटलं, ‘घरी आहे.’ डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘अहो, वय आहे ते. फार मागे लागू नका. मित्रासारखे वागा त्याच्याशी.’ आणि भूक लागण्यासाठी एक टॉनिक लिहून दिलं. मी इतकी हलकी होऊन बाहेर पडले की येताना भाजी घेतली, गजरासुद्धा घेतला.

मित्रासारखं वागायचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं. ऑफिसातून आल्या आल्या तो मुलाच्या खोलीत गेला, पलंगावर मांडी ठोकून बसला आणि म्हणाला, ‘काय मग, कुठला गेम खेळतोयस?’ मुलाने हेडफोन काढला. कुठलं बटण कशाला, कुठला माणूस आपला, कुठला शत्रू, सगळं त्याने बापाला समजावून सांगितलं. न कंटाळता, नम्रपणे, पाहुण्याला नवीन घर दाखवावं तसं. नवरा बाहेर आला. ‘छान बोलला की!’ म्हणाला, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ आत बसला. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. 

मग मी आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर विचारलं. अर्थात, सगळ्या विचारतात तसंच: ‘माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाबद्दल विचारायचं होतं.’ उत्तरांचा नुसता पाऊस पडला. फोन काढून घ्या. फोन अजिबात काढून घेऊ नका. रात्री नाकात तूप घाला. शाखेत पाठवा, पोहायला पाठवा, कुत्रा पाळा. त्याला रोज तुळशीला पाणी घालायला लावा. एकीने व्हिडिओ पाठवला, त्यात कोट घातलेला माणूस सांगत होता की मूल बिघडत नसतं, आईबाप बिघडलेले असतात. त्याच्याखाली हात जोडलेल्या चित्रांची ही रांग लागली. एकीने लिहिलं, ‘आमच्याकडे बाई पहिल्यापासून शिस्त आहे, त्यामुळे असले प्रश्नच येत नाहीत.’ तिचं नाव घेऊन मी स्वयंपाकघरात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि थोड्या वेळाने दुसऱ्या एका बाईचा मला एकटीला निरोप आला, ‘टीचर, घरी सगळं ठीक आहे ना?’

म्हणजे कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं. ज्या बायका माझ्या दारात घुटमळायच्या त्या आता मुलाला खालूनच हाक मारायला लागल्या. पुढच्या सहामाहीत दोन मुलं आली नाहीत, मग आणखी काही. कुणी तोंडावर काही बोललं नाही. ‘त्याला क्लास लांब पडतो,’ म्हणाल्या. समोरच्या इमारतीतल्या मुलाला माझा क्लास लांब पडत होता.

माझी आई असती तर तिला विचारलं असतं असं मला तेव्हा रोज वाटायचं. पण खरं सांगायचं तर आई असती तरी तिने माझ्या भावालाच फोन करून सांगितलं असतं, जरा तू जाऊन बोल. तो फोन मग मीच केला. भाऊ डोंबिवलीहून फरसाण घेऊन आला. भाच्याला म्हणाला, ‘पळस्प्याला काम होतं, म्हटलं सहज चक्कर टाकावी.’ गोव्याचा रस्ता जिथे फुटतो त्या नाक्यावर एलआयसीत नोकरी करणाऱ्या माझ्या भावाचं काय काम असणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. माझा मुलगा उठला, मामाच्या पाया पडला, त्याच्याबरोबर बाल्कनीत उभा राहिला आणि मामा जे जे म्हणाला त्याला हो म्हणाला. भाऊ आत येऊन मला म्हणाला, ‘अगं, उगाच घाबरतेस. काही झालेलं नाही त्याला. माझ्याशी मोकळेपणी बोलला.’ त्यानंतर माझा एक जुना विद्यार्थी येऊन गेला, आता इंजिनीअर झालेला. मग मुलाच्या शाळेतल्या बाई येऊन गेल्या. सगळे सहज आले होते. आणि बाहेर येताना प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तोच भाव होता, मुलाची गाठ आपण सोडवली असा. तो भाव मी ओळखत होते, कारण तो कितीतरी वर्षं माझ्याच चेहऱ्यावर होता. एकेक माणूस येऊन गेलं की मुलाचं बोलणं आणखी थोडं कमी व्हायचं.

नवऱ्याच्या ऑफिसात एक मित्र आहे. त्याला दोन मोठी मुलं आहेत, म्हणून तो जाणकार. त्याने सांगितलं, खोलीच्या दाराची कडी काढून टाका, आजकाल काही सांगता येत नाही. त्या ‘काही सांगता येत नाही’चा अर्थ मला लगेच कळला. तो विचार माझ्या मनात आलाच नव्हता असं नाही. पण कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. रविवारी सकाळी नवरा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला. मुलगा पलंगावरून बघत होता. एक स्क्रू घरंगळत त्याच्या पलंगाखाली गेला, तर त्याने वाकून तो काढला आणि बापाच्या हातात दिला.  त्या दिवसापासून त्याचं दार सताड उघडं असतं आणि तो दाराकडे पाठ करून बसतो. बंद दारावर निदान टकटक तरी करता यायची.

माझं सासर खाडीकाठच्या करंजा गावाच्या अलीकडचं. आधी मिठागरं होती, आता मोठ्या दिरांचे ट्रेलर बंदरावर चालतात. सासूबाईंना आम्ही बरेच दिवस काही कळू दिलं नव्हतं. कळलं तेव्हा त्यांनी फोनवरून सुनावलं, ‘आमाला नाय सांगितलास. गावभर इचारलास, डागतर केलास, आन् आईला नाय इचारलास!’ आई म्हणजे गावदेवी. आमच्याकडे लग्न असो, घराचा पाया असो, नाहीतर नवी गाडी, देवीला कौल लावल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक कळी पाण्याने चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

मुलगा गाडीत येऊन बसला. तेवढ्यावरही मी खूश झाले, कितीतरी दिवसांनी तो घराबाहेर पडला होता. देवळात सासूबाई, दीर, नवरा आणि मी. मुलगा उंबऱ्याशी, खांबाला टेकून उभा. पुजाऱ्यांनी कळ्या लावल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘हां बाय, इचार काय इचारायचा त्यो. हो नायतर नाय, असाच इचारायला लागतो.’

मी तोंड उघडलं आणि मला काही सुचेना. काय विचारू? त्याला काय झालंय, हे विचारता येत नव्हतं. माझं काय चुकलं, हेही विचारता येत नव्हतं. त्याचं उत्तर हो किंवा नाही असं येत नाही.  शेवटी सासूबाईच पुढे झाल्या, पदर पसरला आणि म्हणाल्या, ‘आई, पोरगा आमचा पयल्यासारका व्हईल का?’

कळ्या हलल्या नाहीत. दिरांना वाटलं, पंख्याच्या वाऱ्याने उगाच भलतीच पडायची, म्हणून त्यांनी धावत जाऊन पंखा बंद केला. आम्ही सगळे घामाने निथळायला लागलो. सासूबाईंनी पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं. पुजारी देवीवर थोडे रागावलेसुद्धा, ‘का गो आये, लेकरा उबी हायेत ना?’ तरी कळ्या चिकटलेल्याच. शेवटी ते म्हणाले, ‘आज आई बोलत नाय. कवा कवा असा होतो. अमावस झाल्यावर परत या.’

तेव्हा माझी नजर मुलाकडे गेली. तो माझ्याकडेच बघत होता. आणि त्याच्या ओठांचा कोपरा हलला. हलला म्हणजे, अगदी थोडा. त्याला हसू येत होतं. ज्याला बोलतं करायला आम्ही एवढा आटापिटा करत होतो त्याच्यासाठी देवीकडे यावं आणि देवीनेही तोंड मिटून बसावं, ही गंमत त्या देवळात फक्त आम्हा दोघांना कळली होती. पूर्वी लग्नाकार्यात भटजींच्या एखाद्या शब्दावरून आम्हा मायलेकांना असंच हसू फुटायचं आणि एकमेकांकडे न बघता आम्ही ते दाबायचो. माझ्याही पोटातून हसू वर आलं होतं. पण सासूबाई रडत होत्या. दीर बघत होते. मी मुलाकडे बघून डोळे वटारले.

झालं. चेहरा होता तसा मिटला. येताना गाडीत तो खिडकीला डोकं लावून झोपला, की झोपल्याचं दाखवलं, मला माहीत नाही. एवढ्या सगळ्या महिन्यांत मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर ते देऊळ. हसले असते तर काय बिघडलं असतं? सासूबाई चार शब्द बोलल्या असत्या. बोलू द्यायचं होतं.

त्यानंतर स्टेशनजवळच्या एका समुपदेशक बाईंकडे आम्ही जायला लागलो. बाई चांगल्या आहेत, शांत आहेत. पहिल्यांदा मुलगा आला आणि बसून राहिला. दुसऱ्यांदाही तसाच आला. तिसऱ्या वेळी पलंगावरून उठलाच नाही. तेव्हा बाईंनी मला एकटीला बोलावलं. म्हणाल्या, ‘आता सल्ले घेणं थांबवा. त्याला काही सांगू नका, कुणाला पाठवू नका. तुम्ही स्वतः त्याच्याजवळ बसा आणि फक्त एवढंच विचारा, तुला आतून कसं वाटतंय, मला ऐकायचंय. आणि मग गप्प बसा. तो कितीही वेळ बोलला नाही तरी तुम्ही बोलू नका.’

मला ते इतकं पटलं की रिक्षात बसून मी रडले. एवढे दिवस हे कुणी सांगितलं कसं नाही? एवढी साधी गोष्ट. कणीक मळताना मी ते वाक्य पुटपुटून बघितलं. ‘तुला आतून कसं वाटतंय, मला ऐकायचंय.’ आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. ‘आतून’ म्हणताना माझा आवाज चढायचा, चाचणीचा पेपर तपासून परत देताना चढतो तसा. मी तो खाली आणला. पुन्हा म्हटलं. कपडे वाळत घालताना म्हटलं. जमलं असं वाटलं तेव्हा हात पुसले आणि त्याच्या खोलीत गेले.

दुपार होती. दुपारची बॅच कधीचीच बंद झाली होती, हॉल रिकामा. तो स्क्रीनसमोर दाराकडे पाठ करून बसला होता, मानेवर केस वाढलेले. मी पलंगाच्या कडेला बसले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा किती हाडकुळा झाला होता. त्याने हेडफोन काढून गळ्यात घेतला आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

मी म्हटलं, ‘तुला आतून कसं वाटतंय, मला ऐकायचंय.’ आणि सांगितल्याप्रमाणे गप्प बसले.

तोही गप्प होता. पण नेहमीसारखा नाही. माझ्या चेहऱ्याकडे नीट बघत होता, काहीतरी शोधत असल्यासारखा.  आता बोलेल, आता बोलेल.

‘आई,’ तो म्हणाला, ‘हे विचारायला कुणी सांगितलं?’

त्याच्या आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, ‘कुणी नाही रे.’

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी खोटं बोलतेय हे त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे मला. मग त्याने जे म्हटलं त्यासाठी मी कुठल्या कुठल्या दारांत उभी राहिले होते. तो म्हणाला, ‘मग तुझं तू काहीतरी विचार ना.’

आणि तो थांबला. खरंच थांबला होता. हेडफोन गळ्यात, हात मांडीवर, डोळे माझ्यावर. वाट बघत होता.

मी शोधायला लागले. मनात एकेक वाक्य यायचं आणि ते डॉक्टरांचं निघायचं. दुसरं यायचं ते भावाचं. तिसरं त्या कोट घातलेल्या माणसाचं. मागे, अजून मागे गेले, तर तिथे बोर्ड पुसणाऱ्या मुलांना विचारायचे ते टीचरचे प्रश्न होते. त्याच्यासाठी, फक्त त्याच्यासाठी असलेलं एक वाक्य मला माझ्या आत सापडेना. सोळा वर्षं मी या मुलाची आई आहे. तो अजूनही वाट बघत होता.

‘जेवायला काय करू?’ मी म्हटलं.

‘काहीही,’ तो म्हणाला.  मग त्याने हेडफोन कानाला लावला आणि खुर्ची वळवून घेतली.